फिंगर चिप्सचा रंग शेतातच ठरतो

कोलकात्याच्या सियालदह रेल्वे स्थानकालगत कोले मार्केट नावाची भाजीपाल्याची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. नदिया आणि चोवीस परगणा भागातील भाजी उपनगरी गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी राखलेल्या डब्यांतून आणि मालमोटारींतून येथे पोहोचते. हुगळी आणि बर्धमानकडील बटाटा पोत्यांतून येतो. या बाजारातील एक गोष्ट महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या चटकन लक्षात येईल. आपल्याकडे बटाट्याची ओळख प्रामुख्याने गावावरून होते: आग्र्याचा, इंदूरचा, मंचरचा. कोलकात्याचे गिऱ्हाईक मात्र वाणाचे नाव घेऊन बटाटा मागते: ‘ज्योती’ की ‘चंद्रमुखी’? कुफरी ज्योती आणि कुफरी चंद्रमुखी हे दोन्ही वाण केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९६८ मध्ये प्रसारित केले. अर्धशतक उलटून गेले, तरी बंगालच्या स्वयंपाकघरात ही नावे रोजच्या बोलण्यात टिकून आहेत. चंद्रमुखीला तेथे ज्योतीपेक्षा अधिक दर मिळतो, कारण रश्श्यात ती मऊसूत शिजते, असा गृहिणींचा अनुभव आहे.

वाणाची एवढी जाण असलेल्या या शहरातही पावसाळ्यानंतर एक तक्रार घरोघरी ऐकू येते. फाल्गुनात सोनेरी तळला जाणारा बटाटा आश्विनात त्याच कढईत, त्याच तेलात काळपट होतो आणि चवीला गोड लागतो. या तक्रारीचे उत्तर स्वयंपाकघरात सापडत नाही. ते शेतात आणि शीतगृहात आहे. फिंगर चिप्स, वेफर्स आणि बटाट्याचा कीस यांच्या वाढत्या मागणीकडे पाहणाऱ्या प्रत्येक उत्पादकाने ते समजून घेणे आवश्यक आहे.

थंडीत गोड होणारा कंद

उत्तर प्रदेशाखालोखाल पश्चिम बंगाल हे देशातील प्रमुख बटाटा उत्पादक राज्य आहे. अमन भाताची कापणी झाली की तेथे नोव्हेंबरच्या सुमारास लागवड होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. उन्हाळा समोर असल्यामुळे पिकाचा मोठा हिस्सा लगेच शीतगृहांत जातो आणि पुढे वर्षअखेरीपर्यंत टप्प्याटप्प्याने बाजारात येतो. शीतगृहाचे तापमान साधारण २ ते ४ अंश सेल्सिअस असते. या तापमानात कोंब फुटत नाहीत, वजनातील घट कमी राहते आणि कूज आटोक्यात राहते. खाण्याच्या बटाट्यासाठी ही पद्धत उत्तम आहे.

मात्र बटाटा हा जिवंत कंद आहे. काढणीनंतरही त्याचे श्वसन सुरू असते. तापमान खूप खाली गेले की कंदातील स्टार्चचे साखरेत रूपांतर होते. श्वसन मंदावलेले असल्याने ती साखर खर्च होत नाही, साठत जाते. प्रथम सुक्रोज तयार होते आणि पुढे त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होते. या दोन शर्करांना क्षपणकारी शर्करा म्हणतात. गरम तेलात त्यांची कंदातील अमिनो आम्लांशी अभिक्रिया होते आणि तपकिरी रंग तयार होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साखर थोडी असेल तर रंग सोनेरी येतो आणि खमंग वास सुटतो. साखर जास्त असेल तर आतला गर शिजण्यापूर्वीच बाहेरची बाजू करपते.

रंगाचा प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही. १२० अंशांहून अधिक तापमानात याच शर्करांचा ॲस्परजिन या अमिनो आम्लाशी संयोग होऊन ॲक्रिलामाइड हा पदार्थ तयार होतो. तळलेल्या बटाट्यातील त्याचे अस्तित्व २००२ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी जगासमोर आणले. मानवात कर्करोगास संभाव्यतः कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत त्याची गणना होते. त्यामुळे प्रक्रिया उद्योग गडद रंगाचा माल स्वीकारत नाहीत आणि काटेकोर खरेदीदार गाडी उतरवून घेण्यापूर्वीच नमुना तळून पाहतो. दिसायला निरोगी आणि टपोरा बटाटा परत का पाठवला गेला, हे कोडे अनेक शेतकऱ्यांना पडते. त्याचे उत्तर बहुधा या अदृश्य साखरेत असते.

तळणीच्या बटाट्याचे गुण

तळणीसाठीच्या बटाट्याला चार कसोट्या लावल्या जातात. पहिली कसोटी शुष्क पदार्थाची. तो किमान २० टक्के असावा. साधे गणित पाहू: १६ टक्के शुष्क पदार्थ असलेल्या १०० किलो बटाट्यात ८४ किलो पाणी असते, २१ टक्के असेल तर ७९ किलो. पहिल्या मालात पाणी उडवण्यास इंधन अधिक लागते, तेल अधिक शोषले जाते आणि हाती येणारा पदार्थ कमी भरतो. फिंगर चिप्स लिबलिबीत होण्याचे मुख्य कारणही हेच.

दुसरी कसोटी साखरेची. वेफर्ससाठी १०० ग्रॅम ताज्या कंदात क्षपणकारी शर्करा सुमारे १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावी. फिंगर चिप्सचे काप जाड असल्याने तेथे थोडी अधिक साखर चालते. तिसरी कसोटी आकाराची: वेफर्सला गोल कंद लागतो, तर फिंगर चिप्सला ७५ मि.मी.पेक्षा लांब, लंबगोल. चौथी कसोटी उथळ डोळ्यांची. डोळे खोल असतील तर सोलताना गर वाया जातो.

हे गुण डोळ्यांसमोर ठेवून केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये कुफरी चिप्सोना-१ आणि कुफरी चिप्सोना-२ हे प्रक्रियेसाठीचे वाण प्रसारित केले. पुढे चिप्सोना-३ आले आणि फिंगर चिप्सच्या गरजेनुसार कुफरी फ्रायसोना विकसित झाला. ज्योती आणि चंद्रमुखी हे मूलतः खाण्याचे वाण आहेत. त्यांच्याकडून प्रक्रिया वाणाची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

तळणीच्या चार तऱ्हा

पदार्थ कोणता करायचा, त्यावर बटाट्याची निवड आणि कृती दोन्ही अवलंबून असतात. बचत गटांच्या प्रशिक्षणात पुढील चार प्रकार उपयोगी पडतील.

*झुरी आलू भाजा:* बंगाली ताटात वरण-भातासोबत वाढला जाणारा हा प्रकार. बटाट्याचे काडीसारखे, २ ते ३ मि.मी. जाडीचे काप करतात. पाणी स्वच्छ निघेपर्यंत ते तीन-चार वेळा धुवावेत, सुती कापडावर पूर्ण कोरडे करावेत आणि १६० ते १७० अंशांवर थोडे थोडे तळावेत. शेंगदाणे, कढीपत्ता आणि सुक्या मिरच्या वेगळ्या तळून त्यात मिसळतात. मीठ शेवटी घालावे. काप बारीक असल्याने साखरेचा दोष येथे सर्वांत आधी दिसतो. आपल्याकडील उपवासाच्या बटाटा चिवड्याची जातकुळी हीच.

*सरळ फिंगर चिप्स:* ९ ते १० मि.मी. जाडीचे चौकोनी काप अर्धा तास थंड पाण्यात ठेवावेत. नंतर ७० ते ८० अंशांच्या पाण्यात, म्हणजे वाफ निघते पण उकळी फुटत नाही अशा पाण्यात, सुमारे १० मिनिटे ठेवून निथळावेत. पृष्ठभागावरील साखर या पायरीत निघून जाते आणि रंग एकसारखा येतो. काप कोरडे झाल्यावर १५० ते १६० अंशांवर चार-पाच मिनिटे पहिली तळणी करावी. या वेळी रंग येऊ देऊ नये. काप पूर्ण गार झाल्यावर १७५ अंशांच्या आसपास दोन-तीन मिनिटे दुसरी तळणी करावी. पहिल्या तळणीत गर शिजतो, दुसरीत कवच कुरकुरीत होते. गोठवलेले फिंगर चिप्स हे मूलतः पहिल्या तळणीपर्यंत आणलेलेच काप असतात.

*सालासकट फोडी:* मध्यम बटाट्याच्या सहा ते आठ उभ्या फोडी करून अर्धवट उकडाव्यात. वाफ जिरल्यावर तेलाचा हात लावून भट्टीत भाजाव्यात किंवा एकदाच तळाव्यात. पृष्ठभाग कमी असल्याने तेल कमी शोषले जाते. साल पक्की झालेला आणि स्वच्छ धुतलेला बटाटाच येथे वापरावा.

*नागमोडी काप:* नागमोडी पात्याच्या किसणीने केलेले काप दिसायला आकर्षक असतात आणि चटणी धरून ठेवतात. पृष्ठभाग वाढल्याने तेलही अधिक लागते. त्यामुळे अधिक शुष्क पदार्थाचा बटाटा येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

चारही प्रकारांत दोन पथ्ये सारखी आहेत. कढईत एका वेळी थोडेच काप सोडावेत, अन्यथा तेलाचे तापमान उतरते आणि काप तेल पितात. तसेच रंग सोनेरी होताच झारा फिरवून काप बाहेर काढावेत; तपकिरी होण्याची वाट पाहू नये. हिरवट झालेला किंवा कोंब फुटलेला बटाटा तळणीस घेऊ नये. बंगालमध्ये मोहरीच्या तेलात तळून कासुंदीसोबत हे पदार्थ खातात. आपल्याकडे शेंगदाणा तेल आणि लसणीची चटणी तेवढीच शोभते.

आपल्या खरीप बटाट्याची संधी

बंगालचा बटाटा शीतगृहात गोड होत असतो, नेमक्या त्याच काळात महाराष्ट्रात ताजा बटाटा निघतो. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव आणि खेड तालुक्यांत, विशेषतः सातगाव पठारावर, जून-जुलैमध्ये लागवड होऊन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खरीप बटाट्याची काढणी होते. उत्तरेकडील माल त्या वेळी सहा-सात महिने साठवलेला असतो. वेफर्स उद्योगाने पठारावरील शेतकऱ्यांशी करार केले, त्यामागे ताज्या आणि कमी साखरेच्या मालाची ही गरज आहे.

मात्र ही संधी आपोआप पदरात पडत नाही. खरिपातील उबदार रात्री आणि सततचा पाऊस शुष्क पदार्थ घटवतात. म्हणून पुढील बाबींकडे लक्ष द्यावे. वाण प्रक्रियेचाच निवडावा आणि खरेदीदाराशी लागवडीपूर्वी लेखी बोलणी करावीत. चिप्सोना गटातील वाणांना पक्व होण्यास सुमारे १०० ते ११० दिवस लागतात. दर चढा दिसला म्हणून अपक्व पीक काढू नये, कारण अपक्व कंदात शर्करा अधिक आणि शुष्क पदार्थ कमी असतो. नत्राचा उशिरा दिलेला हप्ता पाला वाढवतो आणि पक्वता लांबवतो. पालाशासाठी म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरल्यास शुष्क पदार्थ टिकण्यास मदत होते. काढणीपूर्वी १० ते १५ दिवस पाणी तोडून पाला कापावा, म्हणजे साल पक्की होते. काढलेला माल सावलीत ढीग करून १० ते १५ दिवस मुरू द्यावा.

साठवण करावयाची असल्यास तळणीचा बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवावा लागतो. या तापमानात कोंब येतात, म्हणून शीतगृहात शिफारशीनुसार अंकुररोधकाची प्रक्रिया आवश्यक ठरते. बियाणे अशा कोठीत कधीही ठेवू नये. थंड कोठीतून काढलेला बटाटाच वापरणे भाग असेल, तर तो १८ ते २० अंशांवर, अंधारात आणि हवेशीर जागी दोन ते तीन आठवडे ठेवावा. काही साखर श्वसनात खर्च होते, काहीचे पुन्हा स्टार्च होते आणि रंग बऱ्याच अंशी सुधारतो.

बांधावरील दोन चाचण्या

विस्तार कार्यकर्त्यांना गावात सहज दाखवता येतील अशा दोन चाचण्या आहेत. पहिली मिठाच्या पाण्याची. एक लिटर पाण्यात सुमारे १२५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावे. या द्रावणाची घनता सुमारे १.०८ असते. धुऊन कोरडे केलेले, साधारण एकाच आकाराचे २० कंद त्यात सोडावेत. बुडणाऱ्या कंदांत शुष्क पदार्थ २० टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक असतो, तरंगणाऱ्यांत कमी. बहुसंख्य कंद तरंगले, तर तो माल खाण्याच्या बाजारात पाठवणे श्रेयस्कर.

दुसरी चाचणी तळणीची. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून दहा कंद घ्यावेत. प्रत्येकाच्या मधल्या भागातून एक-एक काप काढून तो धुवावा, कोरडा करावा आणि १७५ अंशांच्या तेलात बुडबुडे थांबेपर्यंत तळावा. काप पांढऱ्या कागदावर मांडावेत. सर्व काप फिकट सोनेरी असतील तर काढणीस हरकत नाही. कडा किंवा टोके काळवंडली तर पीक अजून अपक्व असू शकते किंवा पाण्याचा ताण पडलेला असू शकतो. आठवड्याने चाचणी पुन्हा करावी.

या चाचण्यांना मीठ, तेल आणि तासभर वेळ एवढाच खर्च येतो. परत आलेल्या एका गाडीचे भाडे त्याहून कितीतरी अधिक असते. शिवाय चाचणीचा निकाल हाती असलेला उत्पादक गट खरेदीदारासमोर बसतो, तेव्हा बोलणी वजनाबरोबर गुणवत्तेवरही होतात. कोलकात्याच्या गिऱ्हाइकाने वाणाचे नाव विचारण्याची सवय बाजाराला लावली. महाराष्ट्रातील उत्पादकाने त्यापुढे एक पाऊल टाकून वाण, काढणीची तारीख आणि तळणीचा रंग या तीन नोंदी प्रत्येक पोत्यासोबत देण्याचा प्रघात पाडावा. खरीप काढणीला प्रारंभ होण्यापूर्वी प्रत्येक गावात किमान एक तळण चाचणी व्हावी, असे नियोजन विस्तार कार्यकर्त्यांनी आतापासूनच हाती घ्यावे.