मचवा व होडी

मचवा व होडी : कोकण किनाऱ्यावर मासेमारीसाठी वापरात असलेल्या लहान लाकडी नौकांचे दोन प्रमुख वर्ग. होडी ही बहुधा आंब्यासारख्या झाडाच्या एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली व वल्ह्यांनी चालणारी नौका होय. दक्षिण कोकणात तोल राखण्यासाठी तिच्या एका बाजूस उलांडी बांधतात. मचवा आकाराने मोठा असून तळाच्या लांब कण्यावर फासळ्या उभारून त्यांवर सागवानी फळ्या जडवून तो तयार करीत. त्याची नाळ पुढे निमुळती असे व डोलकाठीवर तिरकस बांधलेले त्रिकोणी शीड असे. फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठासत. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून घेऊन त्यांची डागडुजी करीत व मुशीच्या यकृताच्या तेलाचा हात देऊन लाकडाचे रक्षण करीत. नौकाबांधणीचे नकाशे कागदावर नसत. मापे सुताराच्या नजरेत व हातांत असत.

ठाणे-पालघर ते रायगड या उत्तरेकडील किनाऱ्यावर मचव्याचे काम डोल या जाळ्याशी निगडित होते. येथील समुद्रबूड जमीन उथळ व रुंद असून भरतीचा प्रवाह जोराचा असतो. मुंबईस उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत सु. ५ मी.पर्यंत फरक पडतो. डोल म्हणजे शेपटीकडे निमुळती होत गेलेली लांब पिशवी होय. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना तिचे तोंड बांधले, की प्रवाहाबरोबर बोंबील, कोळंबी व जवळा तीत आपोआप शिरतात. जाळे केव्हा उचलावयाचे हे पाण्याच्या वेळेवर अवलंबून असल्याने नौकेला वेगापेक्षा वेळेवर पोहोचण्याची व भार पेलण्याची क्षमता अधिक लागे. सातपाटी, अर्नाळा, वसई, उत्तन, वर्सोवा ही गावे या मासेमारीसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या वाळवणांवरील सुके बोंबील व सुकट थळ घाट चढून इगतपुरी, घोटी यांसारख्या घाटमाथ्यावरील आठवडे बाजारांपर्यंत जात असल्याने या लहान नौकांचा संबंध केवळ किनाऱ्यापुरता राहिला नाही.

शिडाच्या मचव्याचा दोष उघड होता. वारा पडला, की बोंबलासारखा लवकर नासणारा मासा वाटेतच खराब होई. स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने सहकारी संस्थांमार्फत कर्जे व अनुदाने देऊन नौकांवर डीझेल इंजिने बसविण्यास उत्तेजन दिले, ते या दृष्टीने योग्यच होते. सुती व सणाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली. इंजिनाबरोबर मचव्याच्या मागील भागात इंजिनाची खोली व तीवर तांडेलासाठी केबिन आली. पुढील भाग जाळ्यासाठी मोकळा राहिला. ही मांडणी लहान सांगाड्यात सामावेना. शिवाय इंधन व हप्ते यांचा खर्च भागविण्यास जास्त मासळी हवी, ती मिळविण्यास अधिक दूर जावयास हवे व त्यासाठी आणखी मोठी नौका हवी, असे हे चक्र होते. १९६० नंतरच्या दोन दशकांत गोठविलेल्या कोळंबीला जपान व अमेरिका यांची बाजारपेठ मिळाली आणि ट्रॉलर झपाट्याने वाढले.

समुद्रतळ खरवडीत जाणारे ट्रॉल जाळे कोळंबीच्या शोधात उथळ पाण्यातही येते. तेथेच डोलीचे खुंट व लहान होड्यांची जाळी असतात. ती तुटतात, आणि पिल्ले मोठी होण्यापूर्वीच मारली जातात. (डोलीच्या शेपटीचे डोळेही बारीक असल्याने पिल्लांची हानी तीमुळेही होते, हे नमूद करावयास हवे.) या संघर्षातून महाराष्ट्र सागरी मासेमारी विनियमन अधिनियम, १९८१ अस्तित्वात आला. त्यानुसार ठिकाणपरत्वे ५ ते १० वाव, म्हणजे सु. ९ ते १८ मी. खोलीपर्यंतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्यात आले. परंतु समुद्रावर कुंपण नसते आणि गस्तीची साधने अपुरी पडतात. सिंधुदुर्गात रापणकरांचा वाद पर्ससीन नौकांशी आहे. रापण म्हणजे होडीने किनाऱ्याजवळ अर्धवर्तुळाकार टाकून पुळणीवरून दोन्ही टोकांनी अनेकांनी मिळून ओढावयाचे लांब जाळे. त्यातील मासळीची वाटणी होते. थवे किनाऱ्याशी येण्यापूर्वीच पर्ससीनने वेढले गेले, तर रापण रिकामी येते. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्यात पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांपुरती मर्यादित करण्यात आली. २०१७ मध्ये केंद्र शासनाने एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस मनाई केली. २०२१ मध्ये १९८१ च्या अधिनियमात सुधारणा करून दंड वाढविण्यात आला.

२०१० च्या सागरी मत्स्यव्यवसाय गणनेत महाराष्ट्रातील १७,३६२ नौकांपैकी १३,०१६ यांत्रिक, १,५६३ बाह्य इंजिन जोडलेल्या व केवळ २,७८३ विनायंत्र आढळल्या. याच गणनेत मच्छीमार कुटुंबांची संख्या ८१,४९२ होती. म्हणजे बहुसंख्य कुटुंबांची स्वतःची नौका नाही. पूर्वी होडीचा मालक असलेला मच्छीमार आता अनेक ठिकाणी दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी म्हणून जातो.

लहान नौका मात्र सर्वस्वी नाहीशी झालेली नाही. खाड्यांत व किनाऱ्यालगत काचतंतूची होडी बाह्य इंजिनासह रूढ झाली आहे. ती हलकी असून तीस कीड लागत नाही व दरवर्षी तेल द्यावे लागत नाही. सागवान महाग व दुर्मिळ झाल्यावर हा बदल अपरिहार्य होता. साच्यातून निघणाऱ्या या होडीला फळी वाकविणारा सुतार लागत नाही. त्यामुळे मचवे बांधणाऱ्या घराण्यांतील पुढील पिढी अन्य व्यवसायांकडे वळली आहे. लाकडी नौकेची कुजलेली फळी काढून नवी बसविता येते, तर निकामी झालेल्या काचतंतूच्या सांगाड्याची विल्हेवाट लावणे अवघड असते.