आंध, अंध आणि कोइतूर



मागच्या अंकात वसतिगृहातील मुलांची यादी छापताना आमच्याकडून चूक झाली. जमातीच्या रकान्यात ‘आंध’ऐवजी ‘अंध’ छापले गेले. मंडळीतील एका बहिणींनी काळजीने फोन केला, “ब्रेलची पुस्तके पाठवू का?” मुले डोळस आहेत, देवाची कृपा. आंध ही महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतील पहिलीच नोंद, आपल्या परभणी-हिंगोली-नांदेड भागातली जमात. आमच्या यादीत हसण्यावारी गेले. हाच एक काना दाखल्यावर सुटला, तर मुलाच्या बापाला पडताळणीसाठी मजुरी बुडवून खेटे घालावे लागतात.

तसे पाहिले तर आदिवासींची आपण घेतो ती नावे पुष्कळदा शेजाऱ्यांनी ठेवलेली असतात. आपण ज्यांना गोंड म्हणतो, ते स्वतःला ‘कोइतूर’ म्हणतात. मेळघाटातल्या कोरकूंचे नाव मात्र त्यांच्याच भाषेतले. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. माणसे, एवढेच.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील योलंगू लोकांच्या नावाचा अर्थही हाच, माणूस. ‘ऑस्ट्रेलिया’ हा शब्द मात्र तिथल्या कुणाचाच नाही. लॅटिनमधील ‘दक्षिणेकडील’ या शब्दावरून तो आला आणि मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीने १८१४ मध्ये त्याचा आग्रह धरला. मूळ रहिवाशांच्या अडीचशेहून अधिक भाषा होत्या. प्रत्येक समाजाकडे आपापल्या भूमीची, डोंगरांची, पाणवठ्यांची नावे होती. साऱ्या खंडाला मिळून एकच असे नाव नव्हते.

गंमत पुढेच आहे. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया हे कोट्यवधी वर्षांपूर्वी एकाच महाखंडाचे भाग होते. त्याला ‘गोंडवाना’ म्हणतात. एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने १८८५ मध्ये हे नाव उचलले ते आपल्या मध्य भारतातल्या गोंडवनाच्या खडकांवरून. बल्लारपूरचा कोळसा त्याच खडकांतला. म्हणजे गोंडांचे नाव थेट ऑस्ट्रेलियाच्या भूगोलात जाऊन बसले, आणि तेही त्यांनी स्वतः ठेवलेले नव्हे!

दुरुस्त यादी शेवटच्या पानावर आहे. या वेळी छापण्याआधी ती मुलांकडूनच वाचून घेतली. चौथीतल्या एकाने आडनावात आणखी दोन चुका काढल्या.