औषध घाट चढले पाहिजे

2021 सालच्या सप्टेंबर महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातील चांदसैली घाटात दरड कोसळली व रस्ता बंद झाला. आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन एक आदिवासी गृहस्थ पायी निघाला. दवाखाना गाठण्यापूर्वीच तिने प्राण सोडला. त्या बातमीने काही दिवस सर्वांचे मन हेलावले व पुढे ती विस्मरणात गेली. पावसाळा मात्र दर वर्षी येतो आणि सर्पदंशाचे दिवसही बरोबर घेऊन येतो. म्हणून त्या प्रसंगाचे स्मरण आम्हांस आज करून द्यावेसे वाटते.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांच्या विषावर घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेले प्रतिविष आपल्या देशातच बनते. परंतु त्याचा गुणधर्म ध्यानात घ्यावयास हवा. रक्तात फिरणारे विष ते निष्प्रभ करते. विषाने एकदा केलेली हानी ते भरून काढीत नाही. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडल्यावर, किंवा घोणसीच्या विषाने मूत्रपिंडे निकामी झाल्यावर, जिल्ह्याच्या रुग्णालयातील कपाट प्रतिविषाने भरलेले असले तरी त्याचा उपयोग थोडाच. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील दुर्गम पाड्यांवरून रुग्ण झोळीतून रस्त्यापर्यंत येतो, तेव्हा हा मोलाचा काळ वाटेतच सरलेला असतो.

प्रतिविषाने काही रुग्णांस तीव्र प्रतिक्रिया येते. ही जोखीम लहान केंद्राने कशी घ्यावी, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु त्या प्रतिक्रियेवर ॲड्रेनॅलिन हे जुने व स्वस्त औषध आहे. भुकटीच्या स्वरूपातील प्रतिविषाला शीतकपाटाची गरज लागत नाही. रक्त गोठते की नाही हे पाहण्यास स्वच्छ, कोरडी काचेची नळी व 20 मिनिटांचा धीर पुरतो. लहान केंद्राची शक्ती किती असते, हे महाडजवळील बिरवाडीच्या आरोग्य केंद्राने दाखविले आहे. तेथे विंचूदंशाच्या रुग्णांपाशी बसून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी निरीक्षणे आरंभिली आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबावरील साधी गोळी त्या दंशावर गुणकारी ठरल्याचे 1986 साली ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले. 2022 साली त्यांस पद्मश्री मिळाली.

सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा संकल्प केंद्र सरकारने 2024 साली जाहीर केला. तो सातपुड्यात खरा ठरावयाचा असेल, तर मृगाच्या आधी तेथील प्रत्येक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या पुरेशा कुप्या, ॲड्रेनॅलिन, निओस्टिग्मिन, ॲट्रोपिन व श्वास देण्याची हातपिशवी पोहोचली पाहिजे. पहिल्या मात्रेलाच 8 ते 10 कुप्या लागतात. दोन-चार कुप्या ठेवून साठा असल्याचे दाखविणे ही आत्मवंचना होय. आणि विषबाधेची लक्षणे दिसताच ही मात्रा देऊन मगच रुग्णास पुढे धाडण्याचे शिक्षण, व ते धैर्य दाखविणाऱ्या तरुण डॉक्टरास वरिष्ठांचा आधार, हेही मिळावयास हवे.

आम्ही आणि आमचे वाचक हाकेच्या अंतरावर दवाखाना असलेल्या वस्तीत राहतो. दरड कोसळली म्हणजे रुग्णाला घाट उतरता येत नाही. औषधाने तो पावसाआधीच चढून ठेवला पाहिजे.