गोळी जमली की नख जमलं

अ‍ॅक्रिलिक नखांचं मूळ दातांच्या दवाखान्यात आहे. 1950 च्या दशकात अमेरिकी दंतवैद्य फ्रेडरिक स्लॅक यांनी आपलं तुटलेलं नख दातांसाठीच्या अ‍ॅक्रिलिकनं सांधलं.

असं नख बसवताना खरं कसब द्रव आणि पावडर मिसळून ब्रशच्या टोकावर होणाऱ्या गोळीत असतं. द्रव जास्त झाला की ती त्वचेवर ओघळते आणि अ‍ॅलर्जीचा धोका वाढतो; पावडर जास्त झाली की थर लवकर सुटतो. नखाला आकार देणारा कागदी साचा (फॉर्म) नखाच्या कडेखाली फट न ठेवता बसवावा. पहिली गोळी टोकाला, दुसरी ताण येणाऱ्या मधल्या भागावर, तिसरी क्यूटिकलजवळ, पण त्वचेला न टेकवता. ब्रश रंगवल्यासारखा फिरवू नये, हलकेच थोपटावा.

स्वस्त एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) द्रव मात्र नकोच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं (एफडीए) 1970 च्या दशकातच त्यावर कारवाई केली होती.