काटा चढतो कशानं?

जुन्या एमजीबीचा टॅकोमीटर ताशी ८० किलोमीटरला ३६०० आरपीएम दाखवू लागला, की मालक बॉनेट उघडतो आणि कार्बोरेटरचे स्क्रू पिळायला घेतो. गडबड इथेच होते. काटा वर दिसतो याचे अर्थ दोन: इंजिन खरोखर जास्त फिरतंय, किंवा काटा खोटं बोलतोय. यातलं कुठलं, हे ठरल्याशिवाय पान्याला हात लावू नये. ठरवायला बहुतेक वेळा कागद-पेन्सिल पुरते.

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावी १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या गाडीचा टॉप गिअर सरळ आहे, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तोच प्रॉपेलर शाफ्टचा एक फेरा. मागच्या डिफरन्शिअलचं गुणोत्तर ३.९. मूळ मापाच्या टायरवर इंजिनाच्या दर १००० आरपीएमला वेग ताशी सुमारे २९ किलोमीटर. म्हणजे ८० ला काटा २८०० च्या आसपास हवा. ओव्हरड्राइव्ह लागलेला असेल तर २२५० च्या जवळपास आणि थर्डमध्ये ३८००. वेग मोबाइलच्या जीपीएसवर बघावा. डॅशबोर्डवरच्या स्पीडोमीटरवर बघितला, तर एका संशयिताची साक्ष दुसऱ्या संशयितावरून तपासल्यासारखं होतं.

आता आकडे लावून बघा. ओव्हरड्राइव्हचं बटण दाबलेलं आहे आणि काटा २८०० वर आहे, तर काटा खरा आहे. ओव्हरड्राइव्ह लागलेलाच नाही. मग गिअरबॉक्समधलं तेल, सोलेनॉइड, त्याची वायर आणि ठरावीक गिअरमध्येच करंट सोडणारा गिअरबॉक्सवरचा स्विच या चार जागा बघाव्यात. पण ३६०० हा आकडा कुठल्याच गिअरला बसत नाही. याची कारणं दोनच असू शकतात, क्लच किंवा मीटर. सपाट रस्त्यावर टॉपमध्ये ५० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज चढला आणि गाडी मात्र उचलली नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. खंडाळ्याच्या घाटात हे आणखी लवकर कळतं, पण तिथे मुद्दाम जाऊन क्लच जाळण्यात शहाणपणा नाही.

उभ्या गाडीचं स्लो चढलेलं असेल तर प्रकरण वेगळं आणि जास्त रंगतदार. गरम इंजिन ७५०-८०० ला शांत फिरायला हवं, ते १४०० वर गुरगुरतंय. मेकॅनिक स्लोचा स्क्रू सोडतो, थोडं उतरतं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. इथे एक साधी चाचणी आहे. दोन्ही एसयू कार्बोरेटरचे स्लोचे स्क्रू पूर्ण सैल करा. थ्रॉटल आता बंद आहे, तेव्हा इंजिन बंद पडायला हवं. तरीही ते जोरात चालत राहिलं, तर दुसरीकडून कुठून तरी हवा आत शिरतेय किंवा थ्रॉटल मुळात बंदच होत नाहीये. चोकची केबल ताणलेली असते, फास्ट-आयडलच्या स्क्रूखाली थोडी फट हवी ती नसते. थ्रॉटलचा दांडा वर्षानुवर्षं झिजून भोकात खुळखुळतो आणि कडेनं हवा ओढतो. मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा ब्रेक सर्व्होचा पाइप फुटलेला असतो. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत तर थ्रॉटलच्या चकतीतच स्प्रिंगवर उघडणारा चिमुकला व्हॉल्व्ह बसवलेला आहे. ती स्प्रिंग दमली की चकती बंद असूनही हवा जात राहते, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. अनेक जण तो व्हॉल्व्ह डाग देऊन कायमचा बंद करतात; माझ्या मते ठीकच करतात.

एवढं सगळं ठाकठीक असेल तर डिस्ट्रिब्युटर उघडावा. आतली वजनं फेऱ्यांबरोबर बाहेर सरकतात आणि ठिणगी आधी पाडतात. त्यांच्या स्प्रिंगा सैल झाल्या, की स्लोलाच टायमिंग पुढे जातं, त्यानं फेरे वाढतात, त्यानं टायमिंग आणखी पुढे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन खाली यायला वेळ लावतं ते बरेचदा यामुळे. या दोन स्प्रिंगा मुळातच एकसारख्या नसतात, एक जाड आणि एक बारीक असते. ‘जोडी जुळवून’ देणारा उत्साही कारागीर इथे सगळं बिघडवून ठेवतो.

आता काट्याकडे. सुरुवातीच्या एमजीबीत मीटर केबलनं फिरायचा. अशा मीटरमध्ये केबलवरून तेल-ग्रीस चढत आतल्या फिरत्या भागात शिरलं, की काटा वर ओढला जातो. नंतरचे स्मिथ्स कंपनीचे मीटर विजेवर चालणारे. ते फेरे मोजत नाहीत, ठिणग्या मोजतात. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन ठिणग्या पाडतं. ९०० आरपीएमला सेकंदाला ३०. जुन्या प्रकारात इग्निशनकडून कॉइलकडे जाणारी वायर मीटरच्या पाठीवरून वळसा घेऊन जाते आणि त्या वायरीतल्या करंटच्या प्रत्येक झटक्याला आतलं सर्किट एकदा हुंकार देतं. एका ठिणगीला दोन हुंकार आले, की काटा दुप्पट.

म्हणून चुकीची तऱ्हा बघावी. काटा थरथरतो, मध्येच उडी मारतो, तर पॉइंट, कंडेन्सर, सैल जोड किंवा मीटरचं अर्थिंग. किंवा रोध नसलेल्या तांब्याच्या प्लग वायरी, ज्यांचा उपद्रव सर्किटला होतो. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी काटा चढला असेल तर संशयित समोरच उभा आहे: जुना मीटर पॉइंटच्या करंटची चाल ओळखतो, नव्या उपकरणाची चाल वेगळी. थोडा वेळ पॉइंट परत लावून बघितलं की उलगडा होतो. आणि चूक नेमक्या पटीत असेल, प्रत्येक वेगाला बरोबर दुप्पट, तर मीटरला दर फेऱ्यामागे किती ठिणग्या हे चुकीचं सांगितलेलं आहे. आपल्या कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला कारखान्यातून टॅकोमीटर येत नसे. हौशी मालक आता बाहेरचा बसवतात, आणि फेऱ्याला एकच ठिणगी धरणारा मोटारसायकलचा मीटर तिच्या कॉइलला जोडला की स्लोलाच १६०० दिसतात. इंजिन बिचारं ८०० वरच असतं.

काट्याची फेरतपासणी करायला टायमिंग लाइट किंवा गॅरेजमधला दुसरा मीटर हवा. नसेल तर जुनी, लोखंडी चोकची ट्यूबलाइट चालते. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. क्रँकच्या पुलीवर खडूनं एकच ठळक रेघ मारा, संध्याकाळी दुसरे दिवे घालवा आणि न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस करा. बरोबर ३००० ला समोरासमोर दोन रेघा थबकलेल्या दिसतात, १५०० ला चार. दोन रेघा दिसताना काटा ३८०० वर असेल तर निकाल लागला. एलईडी दिव्यांवर भरवसा ठेवू नका, त्यातले बरेच असे लुकलुकत नाहीत. दार उघडं ठेवा, धूर साठता कामा नये. पंखा आणि बेल्ट थांबलेले भासले तरी फिरतच असतात, बाह्या आणि ओढण्या लांब ठेवा.

मीटर दोषी ठरला तरी जोडण्या तपासून झाल्याशिवाय तो उघडू नये. पन्नास-साठ वर्षांत आतले कपॅसिटर आपली किंमत सोडतात आणि काटा सगळीकडे सारख्याच प्रमाणात सरकतो. आतला समायोजनाचा स्क्रू त्यासाठीच आहे. तो फिरवून भागलं नाही, तर तबकडी आणि काटा मूळचे ठेवून आतलं सर्किट नवं घालून देणारे कारागीर आहेत. तसं करणार असाल तर काढलेलं जुनं सर्किट टाकू नका, डबीत घालून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. पुढचा मालक मूळ भाग मागतोच.