खाऱ्या हवेत अडकलेली सीट

वर्सोव्याच्या खाडीत उभ्या स्पीडबोटीत चालकाची सीट पुढेमागे सरकेनाशी झाली की पहिला संशय गंजावर जातो. पण लाल गंज कुठेच दिसत नाही. दिसते पांढरी भुकटी. सीट सरकते तो रूळ ॲल्युमिनियमचा, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. दोन्ही 'न गंजणारे' म्हणून विकले जातात, पण एकत्र आले की गणित बिघडतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तो ओलावा दोन धातूंमध्ये शिरला की चक्क बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून सीट जागेवर धरणारा खटका रुळाच्या भोकात घट्ट बसतो.

हातोडा लगेच उचलू नये. आधी गोडं पाणी, मग गंज सोडवणारं तेल, आणि रात्रभर वाट. रूळ खड्डे पडून पातळ झाला असेल तर सरळ बदलावा. नवे बोल्ट ३१६ प्रतीचे घ्यावेत. त्यांतलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम क्षाराला तोंड देतं. स्वस्त ३०४ मध्ये ते नसतं. चुंबक लावून हा फरक कळत नाही, विक्रेता काहीही म्हणो. दोन धातूंमध्ये नायलॉनचा वॉशर हवाच.

सीटची उंची बदलणाऱ्या गॅस सिलिंडरमध्ये मोठ्या दाबाचा नायट्रोजन असतो. अंधेरी एमआयडीसीतल्या ऑफिसांत हळूच खाली बसणाऱ्या खुर्च्यांमध्येही तोच. सील गेलं की सिलिंडर कापू नये, तापवू नये, फुटतो. त्याच मापाचा, बोटीसाठीचाच नवा आणावा. खुर्चीचा बसवला तर साध्या पोलादाची नळी लवकरच गंजते.