लायका म्हणून विकला जाणारा फेड

जुन्या वस्तूंच्या बाजारात सोनेरी मुलाम्याचा, 'लायका' कोरलेला कॅमेरा दिसला, की आधी लेन्स काढून आत बघा. वरच्या बाजूला रेंजफाइंडरची, म्हणजे फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेची, छोटी दांडी असते. तिच्या टोकाला गोल फिरणारं चाक असेल तर खऱ्या लायकाची शक्यता. निमुळता धातूचा तुकडा असेल तर तो बहुतेक सोव्हिएत फेड किंवा झोर्की.

म्हणून तो टाकाऊ मुळीच नाही! खारकिव्हमधल्या कम्यूनमध्ये, एकेकाळच्या बेघर मुलांच्या हातून, १९३४ पासून फेड बनू लागला. लायका २ ची ती नक्कल. महायुद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमधून झोर्की आला.

नवशिक्यांना मी झोर्की-४ सुचवेन. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची रिंग फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की फोकस झाला. बॅटरी नाही, लाइट मीटर नाही. उजेड आपणच जोखायचा, आणि हीच यातली खरी मजा. सोबत बहुधा मिळणारी ज्युपिटर-८ लेन्स (५० मिमी, एफ/२) झाइस कंपनीच्या सोनार लेन्सच्या रचनेवर बेतलेली आहे. चेहऱ्यांचे फोटो तिच्यावर फार देखणे येतात.

दोन पथ्यं मात्र पाळाच. शटर स्पीड बदलायचा तो शटर चढवल्यावरच, नाहीतर यंत्रणा बिघडू शकते. आणि उघडी लेन्स सूर्याकडे रोखून ठेवू नका. मध्ये आरसा नसतो, त्यामुळे ऊन थेट कापडी शटरवर पडून भोक पडतं. झोर्की-४ विकत घेतानाही मागचं झाकण काढून शटर उजेडासमोर धरा, बारीक छिद्रं लगेच दिसतात.